भूगर्भाचा लेख वाचणारे : कॉनराद श्लुंबर्जे

विहीर खणतांना कुदळ खडकावर आपटली म्हणजे खालीं काय आहे हें खणणारास कळतें. परंतु वीत-दीड वीत रुंदीच्या व हजारों फूट खोलीच्या भोंकांत कोण उतरणार? त्या अंधारांतील खडकांची वार्ता वर आणण्याची युक्ति ज्यांनीं शोधून काढिली, त्या कॉनराद श्लुंबर्जे या फ्रेंच शास्त्रज्ञांचा अल्प परिचय आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देत आहों.

कॉनराद यांचा जन्म २ ऑक्टोबर १८७८ रोजीं आल्सास प्रांतांतील गेबवीलर गांवीं झाला. हा प्रांत १८७१ पासून जर्मनीच्या अमलाखालीं होता. परंतु हें कुटुंब मनानें फ्रेंचच राहिलें. वडील पॉल हे कापडाच्या धंद्यांतील सधन गृहस्थ असून त्यांस शास्त्राची मोठी आवड होती. कॉनराद यांनीं पॅरिस येथील एकोल पॉलितेक्निक या विख्यात विद्यालयांत शिक्षण घेतलें, आणि १९०७ सालीं त्याच शहरांतील खाणविद्यालयांत ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले.

शिकवितां शिकवितां त्यांच्या मनांत एक विचार घोळूं लागला. खाऱ्या पाण्यानें भिजलेल्या वाळूच्या खडकांतून वीज सहज वाहते. तोच खडक तेलानें भरला असेल तर तिला मोठा अडथळा होतो. मग हा अडथळा मोजून न दिसणारा खडक ओळखतां येणार नाहीं काय? विद्यालयाच्या तळघरांत आंघोळीच्या एका टबांत त्यांनीं वाळू भरिली, तींत निरनिराळे पदार्थ पुरून वीज सोडिली, आणि पृष्ठभागावरील विजेचा दाब जागोजागीं मोजिला. १९१२ सालीं नॉर्मंडी प्रांतांत वाल-रिशे येथें कुटुंबाच्या मालकीची जी जमीन होती, तीवर त्यांनीं हेच प्रयोग केले. इतक्यांत महायुद्ध पेटलें व अध्यापकांस तोफखान्यांत जावें लागलें.

युद्धानंतर, १९१९ सालीं, वडिलांनीं कॉनराद व त्यांचे धाकटे बंधु मार्सेल यांच्याशीं एक लेखी करार केला. संशोधनासाठीं पांच लाख फ्रँकपर्यंत रक्कम देण्याचें त्यांनीं कबूल केलें. मात्र अट अशी घातली कीं शास्त्राचें हित आधीं पाहावें, पैशाचें मागाहून. धंद्यांत केस पिकलेल्या पित्यानें पुत्रांस अशी अट घालावी, हें आम्हांस फार थोर वाटतें.

५ सप्टेंबर १९२७ रोजीं आल्सासमधील पेशेलब्रॉन येथील तेलक्षेत्रांत कॉनराद यांचे जांवई आंरी डॉल यांनीं एका विहिरींत तारांना बांधलेलें उपकरण सोडिलें. दर मीटरला थांबावें, आंकडा वाचावा, टिपावा, आणि पुन्हा पुढें जावें, असा तो क्रम होता. ते बिंदु कागदावर जोडले तेव्हां एक वांकडी रेघ उमटली. खोल विहिरीचा हा पहिला विद्युत्‌-आलेख होय. तोंपर्यंत प्रत्यक्ष खडकाचे नमुने कापून वर आणावे लागत. त्यास वेळ व पैसा फार लागे, आणि ठिसूळ खडक वाटेंतच भुगा होऊन जाई.

१९२९ सालीं ही विद्या व्हेनेझुएला, अमेरिका व रशिया येथें पोंचली. पुढें मंदीच्या काळांत अडचणी आल्या, तरी बंधूंनीं संशोधन सोडलें नाहीं. ९ मे १९३६ रोजीं, रशियाहून परततांना, स्टॉकहोम येथें कॉनराद यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय ५७ वर्षांचें होतें.

त्यांची विद्या मात्र पुढें समुद्रांतहि उतरली. १९६८ सालीं ग्लोमार चॅलेंजर या जहाजानें ज्ञानाकरितां सागरतळ पोखरण्याची मोठी मोहीम आरंभिली. २०१५ सालीं जॉइडीस रेझोल्यूशन या जहाजानें आपल्या अरबी समुद्रांतील लक्ष्मी खोऱ्यांत, तळाखालीं एक हजार मीटरहून अधिक खोल छिद्रें पाडिलीं. त्या मोहिमेंत गोव्यांतील महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांचा पुढाकार होता.

समुद्रावरील आलेख जसाच्या तसा वाचतां येत नाहीं. लाटांबरोबर जहाज वरखालीं होतें, त्यामुळें उपकरणहि हिंदकळतें. तार ताणली जाते. भोंक कोठें ढांसळून रुंद होतें. म्हणून आलेखांचें संस्करण करावें लागतें. खोली समुद्रतळापासून मोजून घेतात. उपकरणें दोन-तीन खेपांत सोडतात, आणि प्रत्येक खेपेस खडकांतील नैसर्गिक गॅमा किरण मोजतात. हे आलेख एकमेकांशीं ताडून सर्व खेपांची खोली जुळवितात. जेथें भोंक फार रुंद असेल तेथील आंकड्यांवर विसंबूं नये, अशी स्पष्ट सूचना लिहितात. मूळ आंकडे मात्र पुसून टाकीत नाहींत. ते शुद्ध केलेल्या आंकड्यांशेजारीं जपून ठेवितात.

विद्यार्थीमित्रहो, प्रयोगशाळेंत आंकडा पुस्तकाशीं जुळला नाहीं कीं तो खोडून सोयीचा लिहावा असा मोह कित्येकांस होतो, हें आम्ही रोज पाहतों. चूक कारणासह दाखवून दुरुस्त करणें ही विद्या. ती लपविणें ही लबाडी. कॉनराद यांनीं न पाहिलेल्या खडकाविषयीं जगाचा विश्वास मिळविला, तो एकेका मीटरचा आंकडा खरेपणानें टिपून. पुढच्या तासाला वही उघडाल तेव्हां पेशेलब्रॉनच्या त्या रेघेची आठवण ठेवा, आणि खोडरबर बाजूस ठेवा.