अक्षरांचे मोल ठरविणारा वास्तुविशारद

'स्क्रॅबल' खेळणाऱ्या प्रत्येकाला काही आकडे पाठ असतात. इंग्रजीतील 'क्यू' आणि 'झेड' या अक्षरांना प्रत्येकी १० गुण, 'ई'ला मात्र अवघा एक. 'ई'च्या सोंगट्या १२, तर 'क्यू'ची एकच. हे आकडे कोणी ठरविले आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनात येत नाही. त्यामागे आहे आल्फ्रेड मोशर बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाची बेकारी, वृत्तपत्रांची पाने आणि अक्षरे मोजण्याची अफाट चिकाटी.

बट्स यांचा जन्म १३ एप्रिल १८९९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी या गावी झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९२४ मध्ये वास्तुशास्त्राची पदवी घेऊन ते न्यूयॉर्क शहरात नोकरीला लागले. पुढच्याच वर्षी नीना ऑस्ट्रँडर या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. संसार सुरळीत चालला असतानाच १९२९ मध्ये महामंदीने अमेरिकेला ग्रासले. बांधकामे थंडावली आणि नकाशे काढणाऱ्यांच्या हातचे काम गेले. १९३१ मध्ये बट्स यांचीही नोकरी गेली. शहराच्या क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्समध्ये राहणारा हा तिशीतला माणूस रिकाम्या हाताने घरी बसला.

रिकामा वेळ त्यांनी अभ्यासात घालविला. अभ्यासाचा विषय होता खेळ. लोक खेळतात ते खेळ त्यांनी तीन गटांत विभागले: फाशांसारखे आकड्यांचे, बुद्धिबळासारखे चालींचे आणि शब्दांचे. शब्दखेळांत गुण देण्याची नीट पद्धतच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. शब्दकोड्यांचे वेड तेव्हा अमेरिकेत भरात होते. नशीब आणि कौशल्य या दोहोंना वाव देणारा शब्दखेळ रचला, तर तो लोकांना आवडेल, असा त्यांनी कयास बांधला.

पण कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या ठेवायच्या? येथे त्यांना एडगर अॅलन पो यांची 'द गोल्ड बग' ही कथा उपयोगी पडली. त्या कथेत एक गुप्त संदेश इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा येते, यावरून उलगडला जातो. बट्स यांनी तीच वाट धरली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ची पाने पुढ्यात घेऊन ते एकेक अक्षर मोजू लागले. नित्य येणाऱ्या अक्षरांना सोंगट्या जास्त व गुण कमी, दुर्मीळ अक्षरांना सोंगट्या कमी व गुण जास्त, असे सूत्र त्यातून निघाले. मात्र एका अक्षराबाबत त्यांनी मुद्दाम हात आखडता घेतला. इंग्रजीत शब्दाला 'एस' जोडला की बहुधा अनेकवचन होते. तेव्हा 'एस' मुबलक ठेवला, तर खेळ फारच सोपा होईल, हे ओळखून त्याच्या सोंगट्या चारच ठेवल्या.

१९३३ च्या सुमारास तयार झालेल्या या खेळाला त्यांनी 'लेक्सिको' नाव दिले. तेव्हा त्याला पट नव्हता. हाती आलेल्या अक्षरांतून शब्द जुळवायचा, इतकेच. संच ते घरीच बनवीत आणि ओळखीपाळखीत देत. खेळ बनविणाऱ्या नामवंत कंपन्यांनी त्यांना नकार कळविला. पेटंटचा अर्जही फेटाळला गेला. पुढे त्यांना पूर्वीच्याच कंपनीत काम मिळाले, तरी खेळाचा ध्यास सुटला नाही. १९३८ मध्ये त्यांनी १५ बाय १५ घरांचा पट आणला आणि शब्दकोड्याप्रमाणे आडवे-उभे शब्द गुंफण्याची सोय केली. या नव्या अवताराचे नाव 'क्रिसक्रॉस वर्ड्स'. पुन्हा नकारच पदरी आला.

दशकभराने चित्र पालटले. हा खेळ संग्रही असलेल्या जेम्स ब्रुनो यांनी प्रत्येक संचामागे मानधन देण्याच्या बोलीवर तो विकण्याचे हक्क घेतले. ब्रुनो यांनी पटावरील विशेष गुणांच्या घरांची मांडणी बदलली, सातही सोंगट्या एकदम लावणाऱ्याला ५० जादा गुण देऊ केले आणि १९४८ मध्ये 'स्क्रॅबल' हे नाव नोंदविले. बट्स यांनी ठरविलेली अक्षरांची संख्या आणि गुण मात्र तसेच राहिले. कनेक्टिकटमधील एका जुन्या शाळेच्या इमारतीत संच बनू लागले. १९४९ मध्ये सुमारे २,४०० संच तयार झाले, तरी धंदा ४५० डॉलर तोट्यात गेला. मग १९५२ च्या सुमारास 'मेसीज' या बड्या दुकानाच्या प्रमुखांना सुटीत हा खेळ आवडला आणि त्यांनी तो दुकानात मागविला, असे सांगितले जाते. १९५४ मध्ये जवळपास ४० लाख संच विकले गेले.

बट्स यांच्या वाट्याला काय आले? संचामागे साधारण तीन सेंट, आणि तेही १९७४ पर्यंत. मिळाले त्यातला एक तृतीयांश करात गेला, एक तृतीयांश त्यांनी वाटून टाकला आणि उरलेल्यात सुखाने दिवस काढले, असा हिशेब ते स्वतःच मांडीत. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. वास्तुविशारदाचा पेशाही त्यांनी सोडला नाही.

गंमत म्हणजे अक्षरांची इतकी पारख असलेल्या या माणसाचे स्पेलिंग कच्चे होते. पत्नी नीना त्यांना सहज हरवीत. एकदा त्यांनी 'क्विक्झॉटिक' या आठ अक्षरी शब्दावर एका डावात २८४ गुण मिळविले. 'क्यू'चे १० आणि 'एक्स'चे ८ धरून शब्दाचे मूळ गुण २६. दोन तिप्पट घरांमुळे त्यांची नऊपट, म्हणजे २३४, आणि सात सोंगट्यांचे ५० वेगळे.

आज स्पर्धेतले खेळाडू शब्दांच्या याद्याच पाठ करतात. दोन अक्षरी शब्द, 'यू'विना 'क्यू' असलेले शब्द, 'एस, ए, टी, आय, एन, ई' या सहांत सातवे अक्षर मिसळून होणारे सात अक्षरी शब्द. अर्थ ठाऊक नसला तरी चालते. शब्द कोशात असला म्हणजे झाले. ही सारी गणिते ज्यावर उभी आहेत, ते कोष्टक मात्र संगणकपूर्व काळात एका माणसाने कागद-पेन्सिल घेऊन मांडलेले आहे.

४ एप्रिल १९९३ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षात, बट्स यांचे निधन झाले. भारतीय दुकानांमुळे आपल्याकडच्या प्रवाशांनाही परिचित असलेल्या जॅक्सन हाइट्समध्ये ३५ व्या अॅव्हेन्यूवर त्यांच्या स्मरणार्थ एक आगळी पाटी लागली. मध्यंतरी ती नाहीशी झाली, पण २०११ मध्ये पुन्हा बसविण्यात आली. तीवर रस्त्याच्या नावातील प्रत्येक अक्षरापाशी त्याचे गुण लिहिले आहेत: 'व्ही'चे चार, 'ई'चा एक. बट्स यांनी लावले होते, तेवढेच.