वाटेवरच्या ओळखी

(वालचंद हिराचंद : एक चरित्रचिंतन)

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मामांनी मला एक चिठ्ठी दिली. मुंबईतील एका मोठ्या उद्योगगृहातील अधिकाऱ्यांच्या नावे ती होती. मामांचे म्हणणे असे, की या जगात शिक्षणाला किंमत नाही, ओळखीला आहे. मी इस्त्रीचा शर्ट घालून, चिठ्ठी खिशात जपून रात्रीच्या गाडीने सोलापूरहून निघालो. त्या कचेरीत दोन तास बाकावर बसलो. शेवटी आत बोलावणे आले. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, मामांची खुशाली विचारली, चहा मागवला आणि मग सहज विचारले, की मला नेमके काय करायचे आहे आणि माझ्या मनात कोणते काम आहे? मी गप्प! चहा संपला, मुलाखतही संपली. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून स्वतःवरच चिडत होतो.

पुढे वसतिगृहात एके रात्री गप्पा रंगल्या. एक मित्र वर्तमानपत्रातील मजकूर वाचून दाखवीत होता. आजकालचे मोठे उद्योगपती म्हणे स्वतःच्या जेट विमानातून फिरतात, बरोबर मोजकी माणसे घेतात आणि विमान उतरेपर्यंत कोट्यवधींचे व्यवहार ठरलेले असतात. कोणीतरी म्हणाले, की आपल्याला त्या विमानात कोण बसवणार! सगळे हसले. मीही हसलो. पण आतून ते हसू खरे नव्हते. त्या कचेरीतला चहा अजून घशाशी अडकलेला होता.

अशा मनःस्थितीत ग्रंथालयात गं. दे. खानोलकर यांनी लिहिलेले वालचंद हिराचंद यांचे चरित्र हाती आले. आम्हां सोलापूरकरांना वालचंद हे नाव काही परके नाही. पण नाव ओळखीचे असणे वेगळे आणि माणूस कळणे वेगळे. पुस्तक वाचताना त्यांच्या जीवनातील दोन प्रवासांपाशी मी थबकलो. एक आगगाडीचा, दुसरा विमानाचा. या दोन प्रवासांविषयीच मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

वालचंदांचा जन्म सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घराणे मूळचे गुजरातचे, जैनधर्मीय, सावकारी आणि कापसाचा व्यापार करणारे. तान्हेपणीच आईचे छत्र हरपले. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुणे येथे झाले, पण पदवी पदरात पडण्यापूर्वीच त्यांना घरच्या व्यवसायात यावे लागले. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडण्यात या तरुणाचे मन रमेना. त्याला काहीतरी उभारायचे होते.

त्याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीत उतरलेले गृहस्थ. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची ताकद होती, कामाची माहिती नव्हती. दोघांची भागीदारी झाली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून वालचंदांच्या कर्तृत्वाचा श्रीगणेशा झाला. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीतर्फे भोर घाटातील रेल्वेचे बोगदे खोदण्याचे अवघड काम त्यांच्या देखरेखीखाली पार पडले. मुंबईहून चिडून परतताना माझी गाडी त्याच घाटातून गेली होती. तेव्हा मला हे ठाऊक नव्हते!

आता पहिला प्रवास. साल १९१९. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. वालचंद दिल्लीहून मुंबईला आगगाडीने येत होते. डब्यात एक इंग्रज प्रवासी होता. गप्पा निघाल्या. बोलण्याच्या ओघात त्याच्याकडून कळले, की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विकावयाचे आहे. युद्धकाळात ते रुग्णनौका म्हणून वापरले गेले होते. दुसऱ्या कोणी ही बातमी ऐकून सोडून दिली असती. आपल्यापैकी कितीजण प्रवासात ऐकलेले स्टेशनवर उतरताना बरोबर घेऊन उतरतात?

वालचंदांनी ती बातमी बरोबर घेतली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांसारखे मातबर भागीदार उभे राहिले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी जन्माला आली. ज्या घराण्याचे जहाज, त्याचेच नाव कंपनीला मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबई बंदरातून लंडनच्या दिशेने निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ते जहाज काही सोन्याचे अंडे देणारी कोंबडी नव्हती. ते १८९१ साली बांधलेले, जुने होते. १९२३ साली ते मोडीत निघाले. शिवाय हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. दर पाडून देशी कंपन्यांना बुडविण्याचे तंत्र त्यांना चांगले अवगत होते. त्याच १९२३ साली सिंदियाला त्यांच्याशी दहा वर्षांचा जाचक करार करावा लागला. तरीही कंपनी तगली. १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद तिचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. डब्यातल्या इंग्रजाने केवळ एक बातमी दिली होती. पुढची तीस वर्षे वालचंदांनी स्वतः घातली.

दुसरा प्रवास याहूनही विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धाला १९३९ साली तोंड फुटले. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले होते. हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना काढावा हे स्वप्न त्यांच्या डोक्यात घोळत होते आणि त्यासाठी तेथील मोटार कारखानदारांशी बोलणी चालू होती. परतताना त्यांनी पॅसिफिक महासागरावरून जाणारे पॅन अमेरिकन कंपनीचे विमान धरले. या विमानांना ‘क्लिपर’ म्हणत. ती पाण्यावर उतरणारी, बोटीसारख्या पोटाची उडती जहाजेच होती. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलू, तेथून मिडवे, वेक, ग्वाम ही चिमुकली बेटे आणि मग मनिला, असा तो मार्ग होता. सुमारे तेरा हजार किलोमीटरचे अंतर तोडायला पाच-सहा दिवस लागत. उतारू मोजकेच. तिकीट एवढे महाग, की धनिक आणि बडे अधिकारी यांच्याशिवाय कोणी फिरकत नसे. रात्री एखाद्या बेटावर मुक्काम, कंपनीच्याच उपाहारगृहात जेवण आणि सकाळी पुन्हा उड्डाण. आजच्या खासगी विमानातील बैठकींचा हा एक पूर्वजच म्हणायला हरकत नाही.

फरक एवढाच, की आपल्या शेजारी कोण बसणार हे येथे वालचंदांच्या हाती नव्हते. त्या प्रवासात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी झाली. पॉली विमानांच्या धंद्यातले. जपानशी झुंजणाऱ्या चीनसाठी विमाने जुळविण्याचा कारखाना त्यांनी तेथे चालविला होता. वालचंदांचे डोके मोटारींनी भरलेले, समोरचा माणूस विमानांचा जाणकार आणि खाली अथांग समुद्र. बोलायला वेळच वेळ! चीनसारख्या युद्धाने पोळलेल्या देशात विमानांचा कारखाना चालू शकतो, तर हिंदुस्थानात का नाही, या विचाराने वालचंदांच्या मनात तेथेच घर केले.

मित्रहो, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. विमानातून उतरताना लोक एकमेकांना पत्ते देतात, भेटू म्हणतात आणि विसरून जातात. वालचंद विसरले नाहीत. त्यांनी सरकारकडे विमान कारखान्याचा प्रस्ताव मांडला. परकीय सरकारला हिंदी माणसाच्या हाती असा कारखाना देण्याची घाई नव्हती. १९४० साली फ्रान्स पडले, इंग्लंडवर संकट कोसळले, तेव्हा कोठे सरकारचे डोळे उघडू लागले. मध्यंतरीच्या काळात वालचंद स्वस्थ बसले नव्हते. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल हे दूरदृष्टीचे प्रशासक होते. संस्थानाने बंगलोरला जमीन दिली आणि भांडवलातही वाटा उचलला. किलाचंद आणि खटाव या घराण्यांतील भागीदार वालचंदांबरोबर उभे राहिले. ‘लॉयल्टी’च्या वेळी जे किलाचंद घराणे सोबत होते, तेच वीस वर्षांनी पुन्हा सोबत आले. ओळख टिकते ती अशी!

२३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. कारखान्याची आखणी, यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ माणसे यांची जुळवाजुळव पॉली यांच्या कंपनीने केली. विमानात झालेली ओळख आता प्रत्यक्ष कामाला लागली होती. १९४१ साली सरकारनेही भांडवलात हिस्सा घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘हार्लो’ जातीचे शिकाऊ वैमानिकांचे विमान बंगलोरला तयार झाले. स्थापनेपासून अवघे आठ महिने! जेथे सुई-दोराही बाहेरून येतो असे लोक म्हणत, त्या देशात विमान जोडून आकाशात सोडले गेले.

परंतु नियतीच्या मनात वेगळेच होते. जपानने ब्रह्मदेशात मुसंडी मारली, युद्ध दाराशी आले आणि एप्रिल १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला. वालचंदांना मोबदला मिळाला, पण ज्याचे स्वप्न होते त्याच्या हातून ते निसटले. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचीही कथा काहीशी अशीच आहे. १९४१ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, १९४८ साली ‘जल उषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडले गेले आणि पुढे तोही कारखाना सरकारी झाला. मोटारींचे स्वप्न मात्र मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात साकार झाले.

या साऱ्याचा हिशेब कसा मांडायचा? मालकीच्या खात्यावर वालचंद हरले असे कोणी म्हणेल. पण बंगलोरच्या त्याच कारखान्यात आपले विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे भारतीय आराखड्याचे विमान तयार झाले आणि १९५१ साली ते उडाले. १९६४ पासून ती संस्था हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून ओळखली जाते. पॅसिफिकवरच्या त्या गप्पांचे एवढे मोठे झाड झाले. त्याची सावली लावणाऱ्याला मिळाली नाही, देशाला मिळाली.

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. उद्योगपतींच्या छोट्या जेट विमानांचा जमाना त्यानंतरचा. तो पाहायला ते उरले नाहीत.

कधी कधी माझ्या मनात येते, की वालचंदांजवळ असे विमान असते तर? वेळ वाचला असता हे खरे. निवांत बोलणे झाले असते, हेही खरे. जुने संबंध घट्ट करायला ते साधन उत्तमच आहे. पण बंद दाराआड आपण निवडलेलीच माणसे असतात. दिल्लीच्या गाडीतला तो इंग्रज आणि क्लिपरमधले पॉली त्या दाराआड आले असते का? दुसरीही एक बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. आगगाडीचा वरचा वर्ग आणि क्लिपरचे तिकीट हे काही गरिबाला परवडणारे नव्हते. वालचंद श्रीमंताघरी जन्मले, म्हणून त्या आसनापर्यंत पोहोचले. त्याच क्लिपरमधून इतरही श्रीमंत उतारू गेले असतील. पण आपल्या देशात विमानांचा कारखाना निघाला तो वालचंदांच्या आसनावरून. तिकीट घराण्याने दिले, डोक्यातले काम त्यांचे स्वतःचे होते.

आपण ओळख आणि वशिला हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरतो. मला आता त्यांत मोठे अंतर दिसते. वशिल्यात आपण रिकाम्या हाताने जातो आणि दुसऱ्याच्या हाताकडे पाहतो. ओळखीत दोघांच्याही हातात काही असते. फाटकांजवळ अनुभव होता, पॉलींजवळ कसब होते, म्हैसूरजवळ जमीन होती आणि वालचंदांजवळ प्रत्येक वेळी एक काम तयार होते. मी त्या कचेरीत चिठ्ठी घेऊन गेलो होतो, काम घेऊन गेलो नव्हतो. दोष मामांचा नव्हता आणि त्या सज्जन गृहस्थांचा तर मुळीच नव्हता.

आमच्या गावी माझी मावशी आणि तिच्या गटातील बायका ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात. एवढी वर्षे मला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याजवळ बसून सारे वहीत उतरवले : पीठ किती लागते, सरपणाला काय पडते, भाकरी किती दिवस टिकते, फुटून वाया किती जाते, दुकानदार काय देतो. वही अजून अर्धीच भरली आहे. पुढच्या वेळी मुंबईला जाईन तेव्हा मामांची चिठ्ठी असो वा नसो, ती वही पिशवीत असेल. रात्रीची गाडी भोर घाटातील बोगद्यांत शिरेल आणि समोरच्या बाकावर कोणीतरी अनोळखी प्रवासी बसलेला असेल. त्याने मला विचारलेच, की तुम्ही काय करता, तर यावेळी मी गप्प राहणार नाही.