वोल्फगांग पिकर्ट

वोल्फगांग पिकर्ट (३ फेब्रुवारी, १८९७ - १९ जुलै, १९८४) हे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वायुसेनेचे, म्हणजे लुफ्तवाफेचे, विमानवेधी तोफखान्याचे सेनापती होते. स्टालिनग्राडच्या लढाईत ते नवव्या विमानवेधी डिव्हिजनचे प्रमुख होते. वेढ्यात सापडणाऱ्या सैन्याला केवळ विमानांनी रसद पुरवता येणार नाही, असे मत आरंभीच मांडणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

पिकर्ट यांचा जन्म पोझेन येथे झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते. आज ते पोझ्नान या नावाने पोलंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्धानंतर जर्मनीच्या लहानशा सैन्यात त्यांची नोकरी चालू राहिली. पुढे ते नव्याने उभारलेल्या लुफ्तवाफेत गेले. जर्मनीत विमानवेधी तोफखान्याचा मोठा भाग भूदलाकडे नसून वायुसेनेकडे होता. त्यातील ८८ मिलिमीटरची तोफ विमानांप्रमाणेच रणगाड्यांवरही परिणामकारक ठरली. त्यामुळे पूर्व आघाडीवर या तुकड्या भूदलाच्या बरोबरीने लढत असत.

स्टालिनग्राड

१९४२ साली पिकर्ट यांच्याकडे नवव्या विमानवेधी डिव्हिजनची सूत्रे आली. ही डिव्हिजन सहाव्या सैन्यासोबत व्होल्गेकाठच्या स्टालिनग्राडपर्यंत पोहोचली. १९ नोव्हेंबर रोजी सोव्हिएत सैन्याने प्रतिहल्ला सुरू केला. २२ नोव्हेंबरला निझ्ने-चिर्स्काया येथे सेनापती पाउलुस, त्यांचे प्रमुख स्टाफ अधिकारी श्मिट, सेनापती होथ आणि पिकर्ट यांची बैठक झाली. तेथे पिकर्ट यांनी विलंब न लावता नैर्ऋत्येकडे वाट फोडून बाहेर पडावे, असा आग्रह धरला. जड तोफा सोडाव्या लागल्या तरी हलक्या तोफा सोबत नेता येतील, असा त्यांचा हिशेब होता. पाउलुस यांना मात्र पुरेशा इंधनाअभावी ते अशक्य वाटले. रिश्टहोफेन आणि फिबिग हे वायुसेनेचे सेनापतीही हवाई पुरवठ्याविषयी साशंक होते. परंतु गोरिंग यांनी दिलेल्या आश्वासनावर विसंबून हिटलरने सैन्याला जागेवरच राहण्याचा आदेश दिला.

वेढ्यात अडीच लाखांहून अधिक माणसे अडकली. त्यांना रोज किमान ३०० टन माल लागणार होता. प्रत्यक्षात दिवसाला सरासरी १०० टनांच्या आसपासच पोहोचला. ज्या योजनेला पिकर्ट यांनी विरोध केला होता, तिच्या वेढ्याच्या आतील व्यवस्थेचा भार त्यांच्यावरच आला. पितोम्निक येथील धावपट्टी चालू ठेवणे आणि तिचे रक्षण करणे ही कामे त्यांच्या तुकड्या करीत होत्या. जानेवारी १९४३ मध्ये त्यांना नाइट्स क्रॉस हे पदक मिळाले. १३ जानेवारीला ते पुरवठ्याची स्थिती वरिष्ठांपुढे मांडण्यासाठी विमानाने बाहेर पडले. तीनच दिवसांनी पितोम्निक सोव्हिएत सैन्याच्या हाती गेले आणि पिकर्ट यांना परतता आले नाही. २ फेब्रुवारीपर्यंत उरलेले सैन्य शरण गेले. सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले. त्यांतील बहुसंख्य मायदेशी परतले नाहीत.

कुबान, क्रिमिया आणि नॉर्मंडी

नवव्या डिव्हिजनची पुन्हा उभारणी झाली आणि पिकर्ट यांनी तिचे नेतृत्व कुबान व क्रिमिया येथे केले. क्रिमियातही सैन्य वेळेवर हलवण्यास हिटलरने नकार दिला. मे १९४४ मध्ये सेव्हास्तोपोल पडले. त्यानंतर पिकर्ट फ्रान्समध्ये तिसऱ्या विमानवेधी कोअरचे प्रमुख झाले आणि नॉर्मंडीच्या लढाईत सहभागी झाले. मार्च १९४५ मध्ये त्यांना विमानवेधी तोफखान्याचे जनरल हे पद मिळाले.

युद्धोत्तर काळ

युद्धकैदेतून सुटल्यानंतर पिकर्ट यांनी कुबान ते सेव्हास्तोपोल या काळातील आपल्या डिव्हिजनचा वृत्तांत लिहिला. तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. पश्चिम जर्मनीतील वाइनहाइम येथे त्यांचे निधन झाले. स्टालिनग्राडविषयीचा त्यांचा अंदाज खरा ठरला. तरीही आदेश निघाल्यावर त्यांनी तो पाळला आणि नाझी राजवटीच्या आक्रमक युद्धात अखेरपर्यंत सेवा केली.