अंगावर एकही गाठ नाही, तरीही कुष्ठरोग? हे ओळखणारे डॉ. राफाएल लुसियो

कुष्ठरोग म्हटलं की डोळ्यांसमोर चट्टे, गाठी आणि वाकडी झालेली बोटं येतात. पण त्वचा गुळगुळीत, चकचकीत, अंगावर एकही गाठ नाही आणि तरीही कुष्ठरोग? असे रुग्ण ओळखले ते मेक्सिकोच्या डॉ. राफाएल लुसियो यांनी.

लुसियो यांचा जन्म १८१९ साली हालापा शहरात झाला. डॉक्टर झाल्यावर मेक्सिको सिटीतल्या सान लाझारो या कुष्ठरुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा या रोगावर गुणकारी औषध नव्हतं. लोक रुग्णांपासून लांब पळायचे. लुसियो मात्र त्यांच्या जवळ जाऊन एकेक लक्षण टिपत राहिले.

काही रुग्णांच्या भुवया आणि पापण्या गळायच्या, हातपाय बधिर व्हायचे, पण गाठी यायच्या नाहीत. मग अचानक पायांवर लाल, दुखरे डाग उठायचे. ते काळे पडायचे, खपली धरायची आणि खाली जखम व्हायची. १८५२ मध्ये डॉ. इग्नासियो अल्वारादो यांच्यासोबत त्यांनी हे सगळं छापून प्रसिद्ध केलं. हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला तो १८७३ मध्ये, म्हणजे त्यानंतर २१ वर्षांनी!

नेमकं काय होतं यात?

कुष्ठरोगात कधी कधी रोगप्रतिकारशक्ती जंतूंवर अचानक तुटून पडते आणि आपल्याच नसांना, त्वचेला इजा होते. याला डॉक्टर ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. लुसियोंनी पाहिलेला प्रकार फारच दुर्मीळ. यात जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतात, वाहिन्या सुजतात, गुठळ्या होतात. रक्त न मिळाल्याने त्वचा मरते. जखमांमध्ये संसर्ग झाला तर जिवावर बेतू शकतं.

लुसियोंना चित्रांचाही नाद होता. १८६४ मध्ये त्यांनी मेक्सिकन चित्रकलेच्या इतिहासावर लिहिलं. १८८६ मध्ये त्यांचं निधन झालं. १९४८ मध्ये मेक्सिकोतल्याच डॉक्टरांनी या प्रकाराचा पुन्हा अभ्यास केला आणि ‘लुसियो फिनॉमेनन’ हे नाव रूढ झालं. २००८ मध्ये अशाच रुग्णांमध्ये कुष्ठरोगाचा दुसरा जंतू सापडला, मायकोबॅक्टेरियम लेप्रोमॅटोसिस. आज हालापातलं मोठं रुग्णालय लुसियोंच्या नावाने ओळखलं जातं.

लुसियोंच्या हाती नव्हतं ते औषध आज आहे. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि भारतात सरकारी दवाखान्यात उपचार मोफत मिळतात. म्हणून बधिर चट्टा दिसला, किंवा हातपाय बधिर होऊन भुवया विरळ होऊ लागल्या, तर गाठी येण्याची वाट बघू नका. लगेच तपासून घ्या.