काचेतून ताऱ्यांपर्यंत : योसेफ फ्राउनहोफर

दुर्बिणीतून तारे पाहणाऱ्यांची नावे इतिहासात ठळकपणे येतात. तिचे भिंग घासणाऱ्याचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. योसेफ फ्राउनहोफर हे त्याला अपवाद होत. या स्मरणिकेत त्यांचे चरित्र आम्ही मुद्दाम सादर करीत आहोत.

६ मार्च १७८७ रोजी जर्मनीतील बव्हेरियाच्या श्ट्राउबिंग गावी, खिडक्यांना काचा बसविणाऱ्या कारागिराच्या घरी, अकरावे अपत्य म्हणून ते जन्मले. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. बाराव्या वर्षी म्युनिकमधील एका आरसे करणाऱ्याकडे त्यांना शिकाऊ म्हणून ठेवण्यात आले. शिकवणीचे शुल्क देणे अशक्य असल्याने सहा वर्षे विनावेतन राबण्याचा करार झाला. मालकाने वाचनास मनाई केली. कारागिरांच्या मुलांसाठी असलेल्या रविवारच्या शाळेतही जाऊ दिले नाही.

२१ जुलै १८०१ रोजी मालकाचे घर कोसळले. मालकीण दगावली, योसेफ काही तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. राज्यकर्ते माक्सिमिलियान यांनी त्याला अठरा सुवर्णमुद्रा दिल्या, तर उट्झश्नायडर या उद्योजकाने गणिताची व प्रकाशशास्त्राची पुस्तके दिली. योसेफने त्या पैशांतून काच कापण्याचे यंत्र घेतले आणि उरलेल्या करारातून स्वतःला सोडवून घेतले.

१८०६ मध्ये उट्झश्नायडर यांच्या उपकरणनिर्मिती संस्थेत ते रुजू झाले. पुढे बेनेडिक्टबॉयर्न येथील जुन्या मठातील काचकारखान्यात त्यांनी स्विस कारागीर गिनाँ यांच्याकडून निर्दोष काच वितळविण्याची विद्या घेतली. दुर्बिणीतील प्रतिमेभोवती रंगीत कडा उमटू नये म्हणून दोन प्रकारच्या काचांची भिंगे जोडावी लागतात. त्यासाठी प्रत्येक काच कोणत्या रंगाचा किरण किती वाकविते, हे अचूक ठाऊक हवे. परंतु वर्णपटात रंग एकमेकांत मिसळलेले, मोजावे कोठून? १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात त्यांना असंख्य काळ्या रेषा दिसल्या. काही थोड्या रेषा पूर्वी वोलॅस्टन यांनी पाहिल्या होत्या. फ्राउनहोफर यांनी ५७४ मोजल्या आणि त्यांनाच मापनाच्या खुणा केले. अंदाजाने चालणारा धंदा अशा रीतीने शास्त्र झाला. त्याच रेषांच्या आधारे पुढे ताऱ्यांतील मूलद्रव्ये ओळखता आली.

१८२४ मध्ये त्यांची सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू, येथे पोहोचली. तिच्या साहाय्याने स्ट्रूव्ह यांनी तीन हजारांहून अधिक जोडताऱ्यांचा अभ्यास केला. त्यांच्याच कार्यशाळेतील दुसऱ्या उपकरणाने १८३८ मध्ये बेसेल यांनी हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर निश्चित केले.

तरीही बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीत त्यांचे नाव सुचविले गेले, तेव्हा औपचारिक शिक्षण नाही म्हणून काही सदस्यांनी विरोध केला. पुढे प्राध्यापकपद व सरदारकी लाभली. पण ७ जून १८२६ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बुद्धीची दखल घेतली जावी यासाठी एक घर कोसळावे लागले, ही गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. ज्यांच्यावर घर कोसळले नाही, अशी किती मुले त्या काळी कामाच्या जागी अक्षराविना राहिली असतील! अनाथ वा निर्धन मुलाच्या हाती पुस्तक पडणे हे अपघातावर आणि कोणा धनिकाच्या कृपेवर सोपवून चालणार नाही. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक दिवा याचसाठी तेवत राहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते.