हेन्री पॉटिंजर

सर हेन्री पॉटिंजर (३ ऑक्टोबर १७८९ – १८ मार्च १८५६) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, प्रवासी व मुत्सद्दी. हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर म्हणून त्याचे नाव अधिक परिचित असले, तरी बलुचिस्तानच्या वाळवंटाची व तेथील टोळ्यांची युरोपीय वाचकांना सविस्तर ओळख करून देणाऱ्या पहिल्या प्रवाशांत त्याची गणना होते. महाराष्ट्रात तो अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) पहिला कलेक्टर होता.

त्याचा जन्म आयर्लंडमधील डाउन परगण्यात झाला. लहान वयातच तो मुंबईस आला आणि येथील भाषा शिकला. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानवर चालून येईल, अशी धास्ती त्या काळी कंपनीला होती. पण सिंधच्या पश्चिमेकडील मुलुखाचा भरवशाचा नकाशा तिच्यापाशी नव्हता. ती माहिती मिळविण्यासाठी पॉटिंजर व कॅप्टन चार्ल्स क्रिस्टी जानेवारी १८१० मध्ये मुंबईहून समुद्रमार्गे निघाले. कंपनीला घोडे पुरविणारे कच्छचे व्यापारी सुंदरजी यांचे गुमास्ते असल्याची बतावणी त्यांनी केली होती.

सोनमियानी, बेला व कलात असा प्रवास करून दोघे नुश्कीस पोहोचले. तेथून क्रिस्टी हेरातकडे वळला, तर पॉटिंजरने पश्चिमेची वाट धरून खारानचे वाळवंट ओलांडले. तांबूस, अतिशय बारीक वाळूच्या तेथील टेकड्या वाऱ्याकडील बाजूस उतरत्या, तर पलीकडच्या बाजूस विटांच्या भिंतीसारख्या जवळजवळ उभ्या असतात, हे त्याने नोंदविले आहे. आपण मुसलमान यात्रेकरू आहोत असे तो सांगे. एका गावात एका मुलाने त्याचा चेहरा आदल्या वर्षी तेथे येऊन गेलेल्या कॅप्टन ग्रँटसारखा असल्याचे बोलून दाखविले, तेव्हा त्याचे सोंग उघडे पडण्याची वेळ आली होती. केरमान व शिराझमार्गे तो इस्फहानला गेला. ३० जून १८१० रोजी तेथे क्रिस्टीची गाठ पडली, तेव्हा वेषांतरामुळे प्रथम दोघांनी एकमेकांस ओळखले नाही. क्रिस्टी इराणातच राहिला व १८१२ मध्ये अस्लंदुझच्या लढाईत मारला गेला.

या प्रवासाचा वृत्तांत १८१६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. बलुची व ब्राहुई टोळ्यांचे पोटभेद, त्यांचे तंबू, पाहुणचार आणि लूटमार यांची त्यात बारकाईने माहिती आहे. ज्यांच्या पाहुणचारावर त्याचा जीव तगला, त्यांच्याच मुलुखाच्या वाटा व विहिरी तो लष्करासाठी टिपून घेत होता, हे मात्र हा ग्रंथ वाचताना विसरता येत नाही.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये त्याची अहमदनगरला नेमणूक झाली. १८२५ मध्ये तो कच्छचा रेसिडेंट झाला. सिंधच्या अमीरांशी त्याने १८३२ मध्ये केलेल्या तहात सिंधू नदीवाटे लष्करी सामान न नेण्याची अट होती. पहिल्या अफगाण युद्धाच्या वेळी कंपनीने ती गुंडाळून ठेवली. पुढे १८४३ मध्ये नेपियरने सिंध खालसा केला, त्याबद्दल पॉटिंजरने नापसंती दर्शविली होती.

चीनशी नानकिंगचा तह (१८४२) त्यानेच केला. नंतर तो केप वसाहतीचा व मद्रासचा गव्हर्नर झाला. माल्टा येथे त्याचे निधन झाले.

गोल्डस्मिडच्या सीमा आयोगाने १८७१-७२ मध्ये मकरानची हद्द आखली. ब्राहुई ही द्राविडी कुळातील भाषा असल्याचे पुढील भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले.