विश्लेषण : ‘स्ट्रेस’चे जनक हान्स सेल्ये यांनी संप्रेरक टोचून उंदरांना बेशुद्ध केले, कोडे उलगडायला ४३ वर्षे का लागली?

‘स्ट्रेस आलाय’ असे आता शाळकरी मुलेही म्हणतात. हा शब्द वैद्यकात रुजवला हान्स सेल्ये यांनी. मात्र त्यांच्या आणखी एका शोधाची चर्चा क्वचितच होते. स्टेरॉइड संप्रेरके मेंदूवर काही मिनिटांतच परिणाम करू शकतात, हे त्यांनी १९४१ मध्येच दाखवले होते.

कोण होते सेल्ये?

जन्म २६ जानेवारी १९०७ चा, व्हिएन्नाचा. वडील हंगेरियन, लष्करात शल्यचिकित्सक. प्रागमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन सेल्ये १९३१ मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथून कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात. तिथे ते नवे संप्रेरक शोधण्यासाठी उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचत होते. उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी वाढल्या, थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. नवे संप्रेरक सापडल्याचा आनंद फार टिकला नाही, कारण साधे फॉर्मालिन टोचल्यावरही नेमके हेच झाले. प्रयोग फसला म्हणून सोडून न देता त्यांनी निष्कर्षच बदलला : त्रास कोणताही असो, शरीराची प्रतिक्रिया एकसारखीच असते. १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचे छोटेसे टिपण आले आणि पुढे त्यातूनच ‘स्ट्रेस’ची संकल्पना उभी राहिली. (अभियांत्रिकीत ‘स्ट्रेस’ म्हणजे पदार्थावरचा ताण आणि ‘स्ट्रेन’ म्हणजे त्याने होणारा बदल. त्या हिशेबाने सेल्ये यांनी चुकीचा शब्द उचलला होता!)

१९४१ मध्ये काय दिसले?

प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणाशी निगडित संप्रेरक. त्याचा मोठा डोस पोटात टोचताच उंदीर भूल दिल्यासारखे निपचित पडले आणि काही वेळाने पुन्हा उठले. पुढच्याच वर्षी, रसायनाने आणलेले झटकेही अशा स्टेरॉइडने रोखता येतात, असे सेल्ये यांनी दाखवले.

हे कोडे का ठरले?

१९६० च्या दशकात स्टेरॉइडचे काम कसे चालते, याचे चित्र स्पष्ट झाले. ते पेशीत शिरते, आतल्या ग्राहीला चिकटते, केंद्रकात जाऊन जनुके चालू-बंद करते. मग नवी प्रथिने तयार होतात. या सगळ्याला सहसा तास लागतात. मग उंदीर मिनिटांत बेशुद्ध कसा पडतो? भूलतज्ज्ञ मात्र उत्तरासाठी थांबले नाहीत. १९५० च्या दशकात स्टेरॉइडपासून बनवलेले भुलीचे औषध बाजारात आले, तर १९७० च्या दशकात अल्फाक्सॅलोन वापरात होते.

उत्तर १९८४ मध्ये याच अल्फाक्सॅलोनमुळे मिळाले. मेंदूतील पेशींच्या बाहेरच्या आवरणावर ‘गाबा-ए’ नावाची ग्राही असते. ती उघडली की क्लोराइडचे कण आत येतात आणि पेशी शांत होते. गाबा हे रसायन हे दार उघडते, तर स्टेरॉइड ते जास्त वेळ उघडे ठेवते. जनुकांपर्यंत जाण्याची गरजच नाही! प्रोजेस्टेरॉनपासून शरीरातच तयार होणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनही हेच करते, हे १९८६ मध्ये सिद्ध झाले.

सेल्ये यांनी ते का शोधले नाही?

त्यांच्या काळात या ग्राहीची माहितीच नव्हती, हे खरे. पण १९४५ नंतर मॉन्ट्रियल विद्यापीठातील त्यांच्या संस्थेचा मुख्य भर ‘स्ट्रेस’वरच राहिला, हेही खरे. त्यातून प्रसिद्धी मिळाली, अनेकदा नोबेलसाठी नामांकनही झाले, पुरस्कार मात्र नाही. एक डागही लागला : तंबाखू उद्योगाकडून त्यांनी पैसे घेतले आणि १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीसमोर त्या उद्योगाला सोयीची साक्ष दिली. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले, उत्तर मिळण्याच्या अवघ्या दोन वर्षे आधी.

आज याचा उपयोग काय?

गर्भारपणात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनचे प्रमाण वाढते आणि बाळंतपणानंतर झपाट्याने घसरते. काही मातांच्या प्रसूतीपश्चात नैराश्याशी या घसरणीचा संबंध असावा, असे मानले जाते. अमेरिकेने २०१९ मध्ये हेच रसायन ६० तास सलाइनमधून देण्यास मंजुरी दिली. २०२३ मध्ये त्याच धर्तीची, १४ दिवस घ्यायची गोळी आली. नेहमीच्या नैराश्याच्या औषधांचा गुण यायला अनेकदा आठवडे लागतात, तर हिचा फरक काही दिवसांत दिसू शकतो. गुंगी हा मात्र हिचा ठळक दुष्परिणाम आहे. गोळी घेतल्यावर किमान १२ तास वाहन चालवू नये, असा इशारा औषधासोबतच दिला जातो.